उत्पलासाठी गेम आणि वरची खोली

अंबाजोगाई,
६ मे

प्रिय शीला,

सप्रेम जय भीम.

तुला ती दुपार आठवते का? तिच्यात खास काही घडलं नव्हतं, म्हणून कदाचित नसेलही आठवत. तू कम्प्युटरसमोर पाय वर घेऊन बसली होतीस, उजव्या हातात माऊस, डाव्या हातात भाजलेल्या शेंगा. मी शेजारच्या लोखंडी खुर्चीवर पवनच्या शाळेच्या शर्टाला बटण लावत होते. आई मागे बाजेवर आडव्या झाल्या होत्या. पडद्यावर एक किल्ला होता, त्याच्या दारात एक जाडजूड पहारेकरी बसला होता आणि तो काही केल्या हलत नव्हता. तू विचारलंस, "वहिनी, काय म्हनतोय तो?" मी दातात दोरा धरून वाचलं आणि सांगितलं, तो म्हणतोय की सकाळपासून मला कोणी विचारलेलं नाही. आपण दोघी विचारात पडलो. पहारेकऱ्याला विचारायचं तरी काय? तेव्हा आई डोळे न उघडता म्हणाल्या, "जेवलास का म्हनून इचारा की." तू पिशवीतला पाव काढून त्याच्या हातात दिलास, तसं दार उघडलं. आणि लाईट गेली. आपण सेव्ह केलेलं नव्हतं. तू काळ्या पडद्याकडे बघत बसलीस, आणि आई म्हणाल्या, आता पुन्हा जेवू घाला त्याला, किती खातोय मेला.

परवा तू फोनवर विचारलंस की तुझ्या उत्पलाला ते जुने गेम खेळायचेत, आधी कोणता देऊ. मी म्हणाले, लिहून पाठवते. तू हसलीस, लिहून कावून, फोनवर सांगा की. मी म्हणाले, फोनवर मला सगळं नीट आठवत नाही. ते अगदी खोटं नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टर अ‍ॅग्नेस पत्रलेखन शिकवायच्या. त्यांचा नियम होता की पत्र का लिहिलं ते पहिल्याच परिच्छेदात यायला हवं, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवणं हा असभ्यपणा आहे. मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी होते. आज त्यांनी माझी वही परत केली असती.

तर गेम. सगळ्या सीडी शाबूत आहेत, हिरव्या रेक्झिनच्या त्याच पिशवीत. तुझ्या दादांच्या कॉलेजातले ते शिकाऊ डॉक्टर परीक्षा झाल्यावर गाव सोडून निघाले, तेव्हा कम्प्युटर आपल्याला विकला आणि पिशवी तशीच देऊन गेले. कम्प्युटर घेतला होता पवनच्या अभ्यासासाठी. पवन तेव्हा चौथीत. त्याला त्या पिशवीतले मारामारीचे दोन गेम आवडले, बाकीचे त्यानं बाजूला टाकले, कारण त्यात नुसती माणसं बोलत राहतात. ते आपल्याला मिळाले. मला कोडी सुटत नव्हती आणि तुला इंग्रजी वाचायचा कंटाळा होता, म्हणून मी वाचायचं, तू सोडवायचं. माऊसला मी हात लावायचा नाही आणि बोलणारा काय म्हणाला ते तू अंदाजानं ठरवायचं नाही. त्या गेमांमध्ये धावपळ नसते, कोणी मागे लागत नाही. एक चित्र असतं, त्यात माणूस असतो, तुम्ही बोट दाखवाल तिकडे तो जातो, वस्तू उचलतो, लोकांशी बोलतो. तू माऊस पडद्यावर असा फिरवायचीस जशी आपण ताटात डाळ निवडतो, एक कोपरा संपवून मगच दुसरा. उत्पलाला हे सगळ्यात आधी शिकव. ही मोबाईलवर वाढलेली मुलं भराभरा दाबत सुटतात आणि खडा राहून जातो.

पवननं या सगळ्या सीडी त्याच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून दिल्या आहेत. जुने गेम नव्या कम्प्युटरवर चालवणारा एक फुकट प्रोग्राम असतो, तोही टाकला आहे. नावावर दोनदा दाबलं की गेम सुरू होतो. आवाज नाही आला तर घाबरू नका, बंद करून पुन्हा चालू करा.

आधी 'चोरट्या' द्या. (ही आपण ठेवलेली नावं. खरं नाव त्या त्या सीडीवर आहे, मी शेजारी मराठीत लिहून ठेवलं आहे.) तोच तो शिकाऊ चोर, ज्याला राजाच्या किल्ल्यातला मुकुट आणायला पाठवतात आणि तो दरवेळी भलतंच काही घेऊन येतो. सुरुवातीला तो एवढ्यासाठी की त्यात माणूस मरत नाही आणि कुठे कायमचा अडकतही नाही. चुकीच्या जागी चुकीची वस्तू लावली तर तो एक टोमणा मारतो, एवढंच. नव्या खेळणाऱ्याला पहिली ही खात्री पटायला हवी की चुकल्यानं काही बिघडत नाही. तू काय काय केलंस आठव. पोपटाला डिंक पाजलास, राजाच्या टोपात अंडी फोडलीस, आणि ती भलीमोठी शिडी त्यानं खिशात घातली तेव्हा आई उठून बसल्या होत्या. "येवढी शिडी खिशात मावती व्हय? कोन शिवतं त्याचे कपडे?" त्यानंतर आठवडाभर मी शिवणाला बसले की त्या म्हणायच्या, खिसा मोठा ठेव गं.

उत्पला अडकली तर उत्तर सांगू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तुझ्या तोंडून पटकन निघून जाईल. आणि फोनमध्येही शोधू देऊ नकोस. तिथे सगळी उत्तरं मिळतात, पण मिळालेलं उत्तर वापरताना मजा येत नाही, नुसतं काम उरकल्यासारखं होतं. तिला एवढंच विचार, तुझ्या पिशवीत अजून न वापरलेलं काय आहे? आणि कोणाशी बोलायचं राहिलं आहे? बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नाहीच सुटलं तर सरळ बंद करायचं आणि भाकऱ्या थापायला घ्यायच्या. तुझी निम्मी कोडी परातीजवळ सुटली आहेत.

दुसरा 'दीपगृह'. त्यात इंग्रजी जास्त आहे, पण सोपं आहे. कठीण वाटतील ते शब्द मी वेगळ्या कागदावर अर्थासकट लिहून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवते आहे. एक मुलगी बेटावर मामाला शोधायला जाते, मामा दीपगृहाचा राखणदार, आणि दिवा लागलेला नसतो. पुढचं तुला सांगायला नको. आजारी म्हाताऱ्या नोकराच्या उशीखाली किल्ली असते, आणि ती उचलल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. तू माऊस नेलास आणि मागून आई म्हणाल्या, "आजारी मानसाच्या उशाखालून घेतेस? इचारलंस का त्याला?" तू हात काढून घेतलास. मी तुला हळूच म्हणाले, अगं खेळ आहे. पण तुला काही ते जमेना. मग आपण त्याला विचारायची सोय आहे का ते शोधत राहिलो. नव्हती. तो नुसता खोकायचा. सगळा उन्हाळा आपण त्या बेटावर फिरलो, कोळ्याशी बोललो, पक्ष्यांना दाणे टाकले, किल्ली सोडून सगळं केलं. शेवटी आई भाचीच्या लग्नाला पाटोद्याला गेल्या आणि आपण दार लावून ती किल्ली घेतली. दार कशासाठी लावलं होतं कोणास ठाऊक. परत आल्या आल्या त्यांनी विचारलं, त्या म्हाताऱ्याचं काय झालं? मी म्हणाले, त्यानं आपणहून दिली. त्या म्हणाल्या, "देनारच. मानूस चांगला व्हता." तू पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेलीस, स्वयंपाकघरातून तुझं हसू ऐकू येत होतं. मीही हसले होते. अलीकडे ते आठवलं की हसू येत नाही.

या गेममध्ये एक धोका आहे, तो उत्पलाला आधी सांगितला तर चालेल. होडी सुटायच्या आधी गोदीवरचा तेलाचा डबा घ्यायलाच हवा. नाही घेतला तर गेम अवाक्षर बोलत नाही. होडी सुटते, नवी जागा, नवी माणसं, सगळं छान चालू राहतं, आणि पुष्कळ पुढे गेल्यावर कळतं की दिवा लावायला तेल नाही आणि मागे जाता येत नाही. जुने गेम असे दुष्ट होते. म्हणून सेव्ह करताना दरवेळी नवीन नाव द्यायचं, जुन्यावर नवं कधीही करायचं नाही. मी शेजारी असते तर होडीत चढताना तिचा हात धरला असता. नसेन, म्हणून लिहून ठेवते.

तिसरा 'सर्कस'. तो घाईनं देऊ नकोस, तिला या खेळांची गोडी लागली असं दिसलं तरच. सर्कस बंद होते, आणि तिकीट फाडणाऱ्या मुलीनं एकेका जनावरासाठी नवी जागा शोधायची. हत्ती देवळात जातो, माकडं शाळेच्या बागेत, अस्वलासाठी तू केवढी खटपट केलीस. मग म्हातारा घोडा उरला. त्याला कोणी घेईना. एका संध्याकाळी तू माऊस ठेवून दिलास, म्हणालीस, मला न्हाई खेळायचं. मी समजूत घातली की उत्तर असेलच, गेम करणारे उत्तर ठेवल्याशिवाय कोडं घालत नाहीत. तू ऐकलं नाहीस. तुझं लग्न ठरलं, तू तेलगावला गेलीस, आणि मी तो पुढे उघडला नाही, कारण माऊस माझा नव्हता. उत्तर आहे, शीला. गेल्या महिन्यात मी एकटीनं बसून शोधलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पडद्यावर बघत. इथे लिहीत नाही. उत्पलाला सापडू दे, ती तुला सांगेल.

आणि तो चौथा, सुंदर चित्रांचा, ज्यात एकही माणूस नाही, नुसती यंत्रं आणि पाणी. जुन्या गेमांविषयी कोणीही काही सांगायला लागलं की नव्या माणसाला आधी तोच देतात, कारण दिसायला देखणा आहे. तसं करू नकोस. पोरगी दोन चाकं फिरवून बघेल, काही होणार नाही, आणि हे खेळ आपल्यासाठी नाहीत असं तिला वाटेल. तो तुझ्यासाठी ठेव. त्यात वाचायला कोणी लागत नाही.

बघ, तीन पानं झाली आणि मी अजून गेमांवरच आहे. एखादी बाई जूनपासून भाचीच्या शेजारी रोज संध्याकाळी बसणार असेल, तर ती इतकं कशाला लिहील? तेलाचा डबा, आवाज आला नाही तर काय करायचं, शब्दांचे अर्थ. तू हुशार आहेस. तुझ्या लक्षात आलं असेल, आणि तू वाचायची थांबून आमच्या जावईबापूंकडे, युवराजरावांकडे बघितलं असशील.

जयंतीला तू आलीस तेव्हा एसटीतून रंगाचा डबा मांडीवर घेऊन आलीस. मिरवणूक संध्याकाळी होती, तोवर दुपार मोकळी आहे म्हणालीस, आणि साडीचा पदर खोचून वरच्या खोलीत गेलीस. उत्पलाची बारावी झाली, आता कॉलेज इथलंच, मामीकडेच राहणार, मग खोली नीट नको का? फिकट निळा रंग आणला होतास, तिच्या आवडीचा. मी स्टूल धरून उभी होते. तू जुन्या खिळ्यांची भोकं आधी बुजवलीस, कोपरे दोनदा काढलेस. पाठ दुखत होती तुझी, मधूनमधून कमरेवर हात ठेवत होतीस. खाली उतरून तू खिडकीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "वहिनी, हितं जाळी बसवून घेऊ का? तिला डास लई चावतेत." मी म्हणाले, "बसव." तू सुताराला फोन केलास. मी खाली जाऊन चहा ठेवला, आणि चहा उतू गेला तरी तिथेच उभी राहिले.

तेव्हा घर गेलेलं होतं, शीला. मार्चअखेर मी सोमनाथकडून इसार घेतला होता. आपल्या मागच्या घरातल्या बायडाबाईचा सोमनाथ, जो लहानपणी शेळ्या-मेंढरं राखता राखता आपल्या ओट्यावर झोपून जायचा. आता त्याचं औषधाचं दुकान चांगलं चालतं. तो घर पाडून खाली दुकान आणि वर दवाखाना बांधणार आहे. माणूस सरळ आहे, त्यानं मला दोनदा विचारलं, शीलाताईला ठाऊक हाय ना? दोन्ही वेळा मी हो म्हणाले. तू रंग देत होतीस ती भिंत जूनमध्ये पडणार आहे हे मला माहीत होतं, आणि मी तुला म्हणाले होते की रंग छान दिसतोय.

पवननं जबरदस्ती केली असं मला लिहिता आलं असतं. तू विश्वासही ठेवला असतास, मुलांच्या पुढे आयांचं चालत नाही. पण तसं नाही. तो दोन वर्षं पुण्याला राहायला ये म्हणतोय, आणि दोन वर्षं मी नाही म्हणत होते. या वर्षी मला जावंसं वाटलं. मी आजारी नाही, पडले-झडले नाही. नळाला पाणी कधी येईल याची वाट बघायचा, एकटीपुरती भाजी चिरायचा, संध्याकाळी आतून कडी लावायचा मला कंटाळा आला आहे. पुण्यात नात आहे. ती माझ्या मांडीवर बसून तिच्या बोबड्या बोलीत मला काहीतरी वाचून दाखवते आणि मला तिथे राहायचं आहे. एवढंच कारण आहे. ते मोठं नाही, म्हणूनच तुला सांगायला तोंड झालं नाही. दादांच्या जाण्यानंतर तू माझा हात धरून म्हणाली होतीस, "वहिनी, तुमी हाव तोवर माझं माहेर हाय." आणि मी 'आहेच' म्हणाले होते. त्याआधी दादांनी सांगितलं म्हणून तू घरावरचा हक्क सोडून दिलास, आणि तहसीलच्या पायऱ्या उतरताना म्हणालीस की मला हिस्सा कशाला, यायला दार असलं म्हंजे झालं. मी हिस्सा विकत नाही आहे, दारच विकते आहे. तुला विचारलं असतं तर तू 'जा वहिनी, सुखानं ऱ्हावा' असंच म्हणाली असतीस. तेच ऐकायला नको होतं मला. तुझ्या होकारावर निघाले असते तर माझ्या वाट्याला दोषही आला नसता, सगळं पुन्हा तूच सोसलं असतंस.

म्हणून हे पत्र. ते पोहोचेपर्यंत मी फोन करणार नाही, आणि तू वाचून होईपर्यंत करू नकोस. महिनाअखेर सोमनाथला ताबा द्यायचा आहे, त्याच्या आत एक दिवस ये, किंवा युवराजरावांना टेम्पो घेऊन पाठव. लॅपटॉप, सीडींची पिशवी आणि शब्दांचा कागद उत्पलाचा. तिच्या राहण्याचं मी कॉलेजजवळच्या मुलींच्या वसतिगृहात बोलून ठेवलं आहे, जागा आहे, पण ठरवायचं तू आणि तिनं; मी पुन्हा तुमच्या वतीनं ठरवणार नाही. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा मोठा फोटो तुझ्याकडे, ते आईंनी भिंतीवर लावले तेव्हा मी या घरात आलेही नव्हते. आईंची परात आणि पाटा तुझा. दादांचं घड्याळ पवन मागतो आहे, पण ते युवराजरावांना द्यायचं असं मी ठरवलं आहे, पवनला सांगितलंही आहे. शिलाई मशीन बायडाबाईच्या सुनेला. बाज जुनी झाली, कोणी नेणार असेल तर नेऊ दे. घराच्या पैशांतला अर्धा वाटा तुझ्या खात्यावर येईल. तू नको म्हणशील, पवनलाही ते लगेच पटलं नव्हतं, पण ते ठरलं आहे. कागदावर काहीही असो, ते तुझ्या आई-वडिलांचं घर होतं. एवढं झालं की उरतो तुझा राग. तो यायलाच हवा, आणि तू तो गिळून टाकशील याचीच मला भीती वाटते. पवनला त्यातला काही देऊ नकोस, तो लहान असल्यापासून आत्याच्या शब्दाला घाबरतो. सोमनाथला नको, त्याचा काही दोष नाही. उत्पलासमोर काढू नकोस आणि स्वतःवर तर मुळीच काढू नकोस. तो सगळाच्या सगळा मला दे. येताना घेऊन ये, मी घरीच आहे.

तुझीच, अजून तरी वहिनीच,
राजश्री